चंद्र दिसल्यावर घ्यायची का? माझ्या डिझाइन प्रोजेक्टचे पाच महिने

परवा एका ज्युनियरचा मेसेज आला, "ताई, ग्रॅज्युएशन प्रोजेक्टला गावाकडचा विषय घेऊ का? परवानग्यांचं लय झंझट असतं म्हणे." तिला व्हॉइस नोट पाठवायला बसले आणि नऊ मिनिटं झाली तरी माझी गाडी दुसऱ्या आठवड्यातच अडकलेली. मग म्हणलं लिहूनच काढू. मी पुण्यात कम्युनिकेशन डिझाइनला होते, चार वर्षांचा कोर्स, शेवटचं सेमिस्टर पूर्ण एकाच प्रोजेक्टला. गाव आमचं पार मराठवाड्याच्या हद्दीला लागून. सांगतेय ते सगळं २०२५ मधलं, जानेवारीपासूनचं.

विषय आजीमुळं सुचला. तिला बीपीची एक आणि शुगरची एक अशा दोन गोळ्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. सरकारी दवाखान्यात स्ट्रिप कात्रीनं कापून देतात, त्यामुळं गोळीचं नाव अर्धं आपल्या तुकड्यावर आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच कुणाच्या घरी. आजीनं तिची स्वतःची सोय केलेली. सकाळची गोळी कुंकवाच्या करंड्यात, कारण कुंकू ती आंघोळ झाल्यावर लावते, आणि रात्रीची चष्म्याच्या डबीत, कारण चष्मा झोपताना काढते. दिवाळीत घरी गेले तेव्हा हे बघून मी हसले होते. आता वाटतं, पाच महिन्यांत मी जे काही केलं त्यापेक्षा ते बरं डिझाइन होतं.

६ जानेवारीला पहिला सिनॉप्सिस दिला. त्यात ॲप होतं. आमच्या बॅचमध्ये अर्ध्याहून जास्त जणांचं ॲपच होतं, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही. रिमाइंडर, फोटो काढला की गोळी ओळखणार, गोळी चुकली की पुण्यातल्या मुलाला नोटिफिकेशन, जांभळा ग्रेडियंट, सगळं. गाइड सरांनी वाचून एवढंच विचारलं, "आजीचा फोन कुठला?" बटणांचा. "आणि असतो कुठं?" कोनाड्यात चार्जिंगला, आणि वाजला की उचलतात आजोबा. ॲप तिथंच मेलं. दुसरा सिनॉप्सिस १३ तारखेला दिला, तोही परत आला कारण त्यात मी 'ग्रामीण भागातील आरोग्य साक्षरता' असलं काहीतरी भरजरी लिहिलेलं, सर म्हणाले हा विषय सरकारला पेलत नाही, तू पाच महिन्यांत काय करणार. त्या दिवशी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले, खोटं कशाला सांगू. तिसरा २० तारखेला पास झाला आणि तो एका ओळीचा होता: कुठली गोळी कधी घ्यायची हे पाकिटाकडं बघून कळलं पाहिजे, वाचता येत नसेल तरी.

आता परवानगी. इथं माझे पाच आठवडे गेले आणि त्यातले दोन-तीन निव्वळ माझ्या अडाणीपणामुळं. मला वाटलं गावाकडचा सरकारी दवाखाना म्हणजे जिल्हा परिषद. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेतलं, जिल्ह्याच्या गावी गेले, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आवक टेबलला देऊन आले. पोच मिळाली, शिक्का, आवक नंबर, तारीख २७ जानेवारी. लय भारी वाटलं, कागदाचा फोटो स्टेटसला पण टाकला. मग वाट बघणं. फोन केला की "साहेब दौऱ्यावर", मग "ते टेबल बदललं", मग कुणी उचलेचना. १२ फेब्रुवारीला कंटाळून सरळ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेले आणि तिथल्या शिपाईमामांनी पोच बघून दोन मिनिटांत निकाल लावला, "पोरी, तू दुसऱ्याच दारात उभी राहिलीस." प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र हे जिल्हा परिषदेकडं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, म्हणजे ज्यांना सगळे सिव्हिल सर्जन म्हणतात ते. ऑफिसं वेगळी, साहेब वेगळे, फायली वेगळ्या. कॉलेजच्या लायब्ररीत जेवढी जुनी प्रोजेक्ट डॉक्युमेंटं आहेत त्यातल्या एकातही मला हे सापडलं नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

अधीक्षक मॅडम भेटल्या. त्यांनी अर्ज वाचला आणि तीनच प्रश्न विचारले: पेशंटचे फोटो काढणार का, नावं लिहून घेणार का, कुणाला औषध बदलायला सांगणार का. तिन्हीला नाही म्हणलं. मग त्यांनी शेरा मारून पत्र वर पाठवलं. १९ फेब्रुवारीला मी जिल्ह्याला पाठपुरावा करायला गेले आणि ऑफिसला कुलूप, कारण शिवजयंती. अख्खी एसटी भगव्या झेंड्यांच्या मिरवणुकीतून वाट काढत आली तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. स्टँडवर उसाचा रस पिऊन परत. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून दुःखही अर्धंच. लेखी परवानगी हातात पडली ४ मार्चला, अटी चार: नाव नाही, चेहरा नाही, ओपीडीच्या कामात अडथळा नाही, आणि शेवटी रिपोर्टची एक प्रत ऑफिसला. तुम्ही अर्ज कराल तेव्हा मराठीत करा, एका पानात बसवा, आणि तुम्ही काय काय करणार नाही आहात हे सगळ्यात आधी लिहा, वाचणाऱ्याला धास्ती त्याचीच असते. प्रत्येक कागद दोन प्रतींत न्या, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि कॅलेंडर बघा.

५ मार्चपासून औषधखिडकीच्या आतल्या बाजूला एका स्टुलावर बसायला लागले. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तर आलोच आहोत तर गोळ्या पण घेऊन जाऊ म्हणून रांग पार गेटपर्यंत. खिडकीत माणूस एकच. मी फोनवर स्टॉपवॉच लावून मोजलं, एका पेशंटला साधारण पाऊण मिनिट. तेवढ्यात फार्मासिस्ट भाऊ केसपेपर वाचणार, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना हे मनात उलगडणार, गोळ्या काढणार, कापणार, पाकिटात घालणार, वर बॉलपेननं १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असं लिहिणार आणि तोंडानंही सांगणार. पेशंट त्याच वेळी केसपेपरची घडी घालून पिशवीत कोंबत असतो आणि मागचा त्याला कोपरानं ढकलत असतो. सांगितलेलं जाणार कुठं? एका आजोबांना बाहेर निंबाच्या पारावर गाठून पाकिटावरचं १-०-१ दाखवलं, म्हणलं हे काय लिहिलंय. त्यांनी पाकीट लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "एकशे एक. आहेराचा आकडा हाय की."

माझं पहिलं डिझाइन एक स्टिकर होतं. गोळीचं नाव, कशासाठी, किती, कधी, जेवणाआधी की नंतर, सगळ्याला रकाने, पुण्यात सगळ्यांना आवडलेलं. भाऊंनी ते हातात घेतलं, नीट बघितलं, चांगलं आहे म्हणाले, आणि मग खिडकीबाहेर बोट करून, "ताई, रांग बघितली का?" एक स्टिकर भरायला पंचवीस सेकंद लागत होते आणि एकेकाला चार-चार औषधं. तेव्हा ठरलं की त्यांनी फक्त एक बरोबरची खूण करायची, त्याच्या पुढं काही नाही.

मग चित्रं. सगळीकडं असतात तीच काढली, सकाळला उगवता सूर्य, दुपारला डोक्यावरचा सूर्य, रात्रीला चंद्रकोर. पारावर चौदा जणांना दाखवली. आधी कागदावरची संमती वाचून दाखवायची, अंगठा किंवा सही, मग प्रश्न. उगवत्या सूर्याला दोघी फणी म्हणाल्या, एकानं मोराचा पिसारा सांगितला. दुपारचा सूर्य ठीक गेला. आणि चंद्रावर एका आजींनी मला विचारलं, "ही काय चंद्र दिसल्यावर घ्यायची का, संकष्टीसारखी?" मी नाही-हो करते तोवर शेजारच्या म्हणाल्या, "मग अमावस्येला सुट्टी का?" दोघी हसल्या, मीही हसले, पण रात्री वही काढून बसले तेव्हा लक्षात आलं की त्या चेष्टा करत नव्हत्या. निदान पहिल्या आजी तरी. त्यांना चंद्र माहीत होता, माझ्यापेक्षा जास्त माहीत होता, तो रोज वेगळ्या वेळेला उगवतो हे त्यांना पाठ आणि मी मात्र त्याला 'रात्र' नावाचं बटण समजून बसलेले.

मग प्रश्नच बदलला. चित्र ओळखा असं न विचारता, गोळी कधी घेता असं विचारत सुटले. घड्याळातली वेळ चौदांपैकी एकानं सांगितली, रिटायर्ड मास्तर होते ते. बाकी सगळं असं: चहा झाल्यावर. धार काढून आल्यावर. भाकरी खाल्ली की. जेवून भांडी घासून अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी. दिवस सूर्यावर चालत नव्हता, चहा आणि भाकरीवर चालत होता. मग तीन चौकोन केले: चहाचा कप, भाकरी-कांदा, आणि काळ्या चौकोनात पांढरी भाकरी म्हणजे रात्रीची. काळा चौकोन बहुतेकांना लगेच कळला. एक मावशी म्हणाल्या करपलेली आहे. असू दे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडं, कारण यावर माझे चार दिवस फुकट गेले आणि तुमचे जाऊ नयेत. इनडिझाइनमध्ये मराठी टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसत असेल आणि जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्टला शिव्या देऊ नका, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, इलस्ट्रेटरला प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. सरांनी माझ्या 'अनुशापोटी'मधल्या श भोवती लाल गोल केला होता, तो हिंदी वळणाचा शेंडीफोड्या श होता. मराठीचा श देठाचा आणि ल पाकळीचा, राज्य सरकारचा वर्णमालेबद्दलचा १० नोव्हेंबर २०२२ चा शासन निर्णय आहे त्यातही हेच आहे. काही फॉन्टांत भाषा 'मराठी' निवडली की ही अक्षरं आपोआप येतात, तिरो देवनागरी मराठीमध्ये तर आधीपासूनच तशी असतात, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही फुकट मिळतात. आणि प्रेसला फाइल द्यायच्या आधी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या. मी दिली नव्हती, प्रूफवर सगळे चौकोन आले, माझे डिझाइनचे नव्हेत, फॉन्ट न सापडल्याचे.

पाकिटं छापायची तर प्रेसवाले पाच हजाराच्या खाली बोलायला तयार नव्हते. तेव्हा भाऊच म्हणाले शिक्का करा ना, दवाखान्यात सगळं शिक्क्यावरच चालतं. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या बाजूला करून घेतला, स्वतःची शाई असलेला, ३८० रुपये. पहिला ठसा उठवला आणि काळा चौकोन गायब. मोठा भरीव भाग रबरी शिक्क्यावर नीट उठत नाही, मधे पांढरे डाग पडतात, माझी रात्र खरूज झाल्यासारखी दिसत होती. भरीवऐवजी तिरक्या रेघा केल्या. दुसरा शिक्का, पुन्हा ३८०. आता चित्रांखालचे शब्द. 'न्याहारी'तला न्या शाईनं बुजला, 'रात्रीचं'मधल्या त्री चा तर नुसता गोळा. अक्षर मोठं करायला जागा नाही. बराच वेळ कागदाकडं बघत बसले आणि मग तिथं 'रातचं' लिहिलं. आजी तेच म्हणते, पारावर सगळे तेच म्हणत होते, जोडाक्षर गेलं आणि ठसा स्वच्छ उठला. 'न्याहारी'च्या जागी सरळ 'चहा' आला. कॉलेजात यावरून तासभर वाद झाला, एका मॅडमचं म्हणणं सरकारी पाकिटावर अशुद्ध कसं चालेल, सरांचं म्हणणं की ज्याला कळायचं त्याला कळलं तर ते शुद्ध. मला मॅडमचंही पटत होतं खरं तर, कारण 'तुम्हाला एवढंच येतं' असा त्याचा वास यायला नको. शेवटी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, मी पण रातचंच म्हणतो की. तिसरा शिक्का.

डिजिटल मीडिया म्हणून प्रोजेक्टात एक भाग दाखवणं सक्तीचं होतं. पोस्टर करून व्हॉट्सॲपला टाकलं तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये हरवलं, शिवाय फॉरवर्ड होता होता इमेज इतकी दाबली जाते की बारीक मात्रा उडून जातात. मग तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड केला, मीच बोलले. गावातल्या आशा वर्कर ताईंनी ऐकून सांगितलं, "चांगलं आहे, पण बातम्या लागल्यागत वाटतंय." म्हणून त्यांनाच बोलायला लावलं. त्यांनी माझी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि "ओ मावशी, पाकीट घ्या बरं हातात" अशी सुरुवात केली, मागं कोंबडा ओरडतोय, ते काढायला नको म्हणाल्या. फाइल म्हणून पाठवलं तर कुणी उघडत नाही, व्हॉइस नोट म्हणून आलं तर ऐकतात, हेही त्यांनीच सांगितलं.

२१ ते २६ एप्रिल शिक्का खिडकीत वापरला. तेहतीस जण पाकीट हातात घेऊन बोलायला तयार झाले, त्यातल्या चोवीस जणांनी सगळ्या गोळ्यांची वेळ बरोबर सांगितली. मार्चमध्ये १-०-१ वर विचारलेल्या तिसांपैकी बारा जणांनी सांगितली होती. माणसं वेगळी, आकडा लहान, आणि समोर मी उभी म्हणून काही जण जरा जास्तच लक्ष देऊन बघत असणार, म्हणून यावरून फार काही म्हणू नये. जे जमलं नाही तेही लिहिते. अर्ध्या गोळीला माझ्याकडं चित्र नव्हतं. दिवसाआडच्या गोळीला नव्हतं. ज्यांच्या घरी दुपारी चूल पेटत नाही त्यांनी मधल्या चौकोनाचं काय करायचं, याला पण नव्हतं. एका बाईंनी ते सरळ तोंडावर विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही.

ज्युरी २० मे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाकीट उलटंपालटं करून पहिलाच प्रश्न टाकला, "हे मेडिकलवाल्याच्या पाकिटावर छापलेलं असतंच की." खरं आहे, असतं. मी संकष्टीची गोष्ट सांगितली. त्यांनी लिहून घेतली, काही बोलले नाहीत. बी प्लस मिळाला. बाइंडिंगच्या तीन प्रती, प्रत्येकी ५५० रुपये, आणि कण्यावर मराठीत नाव हवं म्हणल्यावर बाइंडरकडं सोनेरी छपाईची मराठी अक्षरंच नव्हती, वेगळा ब्लॉक करावा लागला, ४०० रुपये आणि दोन दिवस. आधी विचारून ठेवा. शिक्के, प्रिंट, फेऱ्या, बाइंडिंग सगळं धरून साडेबारा हजारांच्या आसपास गेले, त्यातले चार आईनं आजोबांना न सांगता दिले.

११ जूनला घरी पोस्टानं पाकीट आलं. २७ जानेवारीच्या अर्जाचं उत्तर. मंगल फॉन्टमध्ये, अर्ध्या पानाचं, खाली सही-शिक्का: सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. डॉक्युमेंटच्या माझ्या प्रतीत परिशिष्टाला ते डिंकानं चिकटवलं. पाकीट चांगलं जाड खाकी होतं, ते आजीनं मागून घेतलं, आता शुगरची गोळी त्यात असते.